सोबतीची पिके : मराठवाड्यातील भाजीमळ्याचा इतिहास

एकाच वाफ्यात, सरीवर किंवा शेतात एकमेकींना उपकारक ठरणाऱ्या दोन वा अधिक वनस्पती शेजारीशेजारी लावण्याच्या प्रथेस सोबतीची पिके घेणे असे म्हणतात. मिश्रपीक, आंतरपीक, सापळा पीक व सीमापीक या संज्ञांशी तिचा निकटचा संबंध आहे. मिश्रपिकात निरनिराळ्या पिकांचे बी एकत्र पेरले जाते, आंतरपिकात ओळींचे प्रमाण ठरलेले असते, सीमापीक शेताच्या कडेने घेतात आणि सापळा पीक किडीला मुख्य पिकापासून दूर ओढण्याच्या हेतूने लावतात. सोबतीच्या पिकांत या सर्वांचा अंश येतो. शिवाय कोणताही तसा हेतू नसताना पदरात पडलेल्या लाभाचा वाटाही मोठा असतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व सभोवतालच्या मराठवाड्यातील मळ्यांचा इतिहास पाहता असे दिसते, की तेथे शेजारी आलेल्या बहुतेक वनस्पती कीड वा रोग टाळण्यासाठी लावलेल्या नव्हत्या. कुंपण, सावली, दोर, दिव्याचे तेल, दसऱ्याची फुले आणि पुढील वर्षाचे बियाणे ही त्यांच्या लागवडीची कारणे होती. मुख्य पिकाला होणारा फायदा हा त्यातून घडलेला सुखद योगायोग होता. वनस्पती मळ्यात टिकून राहिली ती तिच्या उघड उपयोगामुळे. साहजिकच तो उपयोग संपला तेव्हा ती मळ्यातून गेली आणि तिच्याबरोबर न दिसणारा लाभही गेला. सोबतीच्या पिकांच्या या प्रदेशातील इतिहासाचे हे मुख्य सूत्र होय.

पूर्वेतिहास : पुरातत्त्वीय अवशेषांवरून एखाद्या वस्तीत कोणती धान्ये खाल्ली जात हे कळते, ती एकाच शेतात वाढत होती की नाही, हे त्यांवरून ठरत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८–८३ या काळात केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या घरांतून सातू, गहू, मसूर, वाटाणा व कुळीथ यांचे जळके दाणे मिळाले. तृणधान्य व कडधान्य यांची जोडी दख्खनच्या आहारात तीन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. कौटिलीय अर्थशास्त्रा त सीताध्यक्षाच्या म्हणजे राजाच्या शेतीवरील अधिकाऱ्याच्या प्रकरणात कोणती वनस्पती कोठे लावावी याचा विचार आला आहे. नदीचा फेस जेथे आदळतो त्या काठावर वेलीची फळे, पुराचे पाणी पसरते तेथे पिंपळी, द्राक्षे व ऊस, विहिरीच्या आसपास पालेभाज्या व कंद आणि बांधांवर सुगंधी व औषधी वनस्पती असा त्याचा आशय आहे. एका वनस्पतीने दुसरीला काय द्यावे याचा येथे उल्लेख नाही, पाण्याच्या सोयीनुसार जागांची वाटणी मात्र आहे. मराठवाड्यातील विहिरीवरचा मळा अगदी अलीकडेपर्यंत याच वाटणीवर उभा होता. नदीकाठच्या वेलीच्या फळांची परंपराही संपलेली नाही. पैठण येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये व उद्‌घाटन १९७६ मध्ये झाले. त्याच्या जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करतात.

अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांची मका, घेवडा व भोपळा ही तिघींची जोड सोबतीच्या पिकांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. मक्याच्या ताटाचा घेवड्याला आधार मिळतो, घेवड्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नायट्रोजनाची भर पडते आणि भोपळ्याच्या रुंद पानांखाली ओल टिकून तण दबते. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे मका, मिरची, लाल भोपळा, सीताफळ, झेंडू इ. अमेरिकी वनस्पती हिंदुस्थानात आल्या, असे मानतात. टोमॅटो त्यांच्या बराच मागून आला. जुन्या पिढीत त्याला वेलवांगी म्हणत. वनस्पती आल्या, त्यांची जुळणी मात्र आली नाही. तिकडचे सोबती येथे निराळ्या कामांसाठी निराळ्या वाफ्यांत गेले आणि येथील ज्वारी, तूर, एरंड, करडई यांच्याशी त्यांचे नवे शेजार जमले. दौलताबादच्या डोंगर-उतारावरील सीताफळाने तर माळ्याची वाटही पाहिली नाही. खाऊन टाकलेल्या बियांतून, गुरे ज्याची पाने खात नाहीत अशा या झाडाने माळरानावर आणि शेताच्या बांधांवर आपसूक जागा मिळविली.

पाणी व बागा : मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी या गावाचे १६५३ नंतर औरंगाबाद झाले. शहराला बारमाही मोठी नदी नाही. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सु. ७०० मिमी.च्या आसपास असून तेही अनिश्चित असते. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे झिरपे जमिनीखालील बांधीव नळांतून शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी होय. पुढे तिच्या धर्तीवर आणखी नहरी झाल्या व त्यांपैकी एकीवर अठराव्या शतकात पाणचक्की चालू लागली. या पाण्यावर वाड्यांतील हौद भरत आणि हौदांतून सांडलेल्या पाण्यावर बागा पोसल्या जात. मोगलकालीन हिमायतबागेत पुढे फळ संशोधन केंद्र आले. ते परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) अखत्यारीत आहे.

शहरातील परसाची रचना पाण्यानेच ठरत असे. न्हाणीचे सांडपाणी जेथे मुरते तेथे अळू, केळ व कर्दळ, त्यापलीकडे ओलीच्या कडेला पुदिना, कोरड्या कोपऱ्यात शेवगा व कढीलिंब, कुंपणावर दोडका, कारले किंवा वाल, असा साधारण क्रम असे. अळू व केळ यांचे शेजारपण कोणी योजले नव्हते. दोघांनाही ओल हवी आणि अळूला केळीची सावली मानवते, एवढ्यावर ते जमले.

परसाचा सर्वांत फलद्रूप पण दुर्लक्षित भाग म्हणजे उकिरडा. स्वयंपाकघरातील बिया तेथे पडतात आणि पहिल्या पावसाबरोबर भोपळा, कारले, टोमॅटो, पपई व राजगिरा यांची रोपे न पेरता उगवतात. शेतातही बाजरी-ज्वारीच्या पिकात वाळूक व शेंदाड यांचे वेल मागील वर्षी खाऊन टाकलेल्या फळांच्या बियांतून येतात. खुरपणी करणाऱ्या स्त्रिया तण उपटताना हे वेल ओळखून राखतात; तांदुळजा, पाथरी व घोळ या रानभाज्यांच्या बाबतीतही असेच घडते. खुरपणारीने ठेवले म्हणून जे टिकले ते पीक आणि उपटले ते तण, अशी ही अलिखित निवड आहे. अमेरिकी वनस्पतिवैज्ञानिक एडगर अँडरसन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लागवडीखालील कित्येक वनस्पतींचा उगम मानवी वस्तीच्या उकिरड्यांवर झाला असावा, असे मत मांडले. याच ग्रंथात त्यांनी ग्वातेमालातील एका खेडुताच्या बागेचा नकाशा दिला आहे. प्रथमदर्शनी गोंधळाची वाटणारी ती बाग भाजीमळा, फळबाग, औषधी झाडे, उकिरडा व मधमाश्यांची जागा या सर्वांची एकत्रित व सुसंगत मांडणी होती, असे त्यांना नकाशा काढल्यावर आढळून आले. मराठवाड्यातील जुने परस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही.

उकिरड्यावरचे सर्वच दान मात्र निर्धोक नसते. काकडीच्या कुलात एकाच जातीच्या लागवडीतील व रानटी वनस्पतींचा परस्परांशी सहज संकर होतो. अशा संकराने किंवा पाण्याच्या ताणाने दुधी भोपळ्यात कुकुर्बिटॅसीन ही विषारी द्रव्ये वाढतात व तो कडू होतो. अशा दुधीचा रस पिऊन गंभीर विषबाधा व मृत्यू घडल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये नमूद केले आहे. चीर चाखून कडू लागल्यास फळ टाकून देण्याचा घरोघरचा रिवाज म्हणूनच पाळण्याजोगा आहे.

मळ्यातील शेजार : विहिरीवर मोट, मोटेपासून पाट आणि पाटाच्या दोन्ही अंगांना वाफे, ही मळ्याची जुनी मांडणी. पाटातून झिरपणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याच्या कडेने केळ, एरंड, हळद व थोडा ऊस लावीत. यांपैकी एरंडाचा इतिहास विशेष बोधक आहे. त्याच्या बियांचे तेल दिव्यात जळे, गाडीच्या आसाला लागे आणि औषधातही चाले. त्याची रुंद पाने आले व हळद यांना उन्हाळ्यात सावली देत. परंतु एरंडाचे पान स्पोडोप्टेरा या पाने खाणाऱ्या अळीच्या मादीला अंडी घालण्यास फार पसंत पडते. अंडी पुंजक्याने घातली जातात आणि लहान अळ्या एकाच पानावर घोळक्याने राहून त्याची जाळी करतात. असे पान खुडून नष्ट केले की पुढची शेकडो अळ्यांची पिढी टळते. दिव्याच्या तेलासाठी लावलेला एरंड अशा रीतीने मिरची, भुईमूग व भाज्या यांचा राखणदार ठरला. आता भुईमूग, सोयाबीन व कापूस यांत एरंडाची झाडे सापळा म्हणून लावण्याची शिफारस कृषितज्ञ करतात.

रब्बी ज्वारी, गहू व हरभरा यांच्या कडेने करडईच्या काही ओळी पेरण्याचा प्रघात मराठवाड्यात सर्वत्र होता. करडईच्या पक्व झाडाचे काटे इतके तीक्ष्ण असतात की, गुरे शेतात शिरत नाहीत. तिचे तेल घरात खाण्यास येई व कोवळ्या पानांची भाजी होई. करडईवर काळा मावा हमखास पडतो आणि शेतकरी त्याला तोटाच समजतो. पण हा मावा ज्वारी-हरभऱ्यावर जात नाही. उलट त्याच्यावर ढालकिडे व क्रायसोपा हे मित्रकीटक पोसले जातात आणि आसपासच्या पिकांतही वावरतात. खरीप पिकांच्या कडेची अंबाडी दोरासाठी व भाजीसाठी असे. तिच्या वाखाचे दोर मोटेपासून गुरांच्या दाव्यापर्यंत सर्वत्र लागत. अंबाडी ही कापूस व भेंडी यांच्याच कुलातील असल्याने त्यांच्यावरील काही किडी तिच्यावरही जगतात. तेव्हा उपयुक्त वनस्पतीचा प्रत्येक शेजार उपकारकच असतो, असा समज करून घेऊ नये.

बियाण्यासाठी राखलेली झाडे हा मळ्यातील आणखी एक अनभिप्रेत उपकार होय. पूर्वी प्रत्येक माळी कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर व बडीशेप यांची निवडक झाडे न काढता फुलू देई आणि कांद्याचे डोंगळे वेगळे राखी. कोथिंबीर, गाजर व बडीशेप यांच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यांतील मध उथळ असतो. लहान तोंडाच्या गांधीलमाशा, सिरफिड माश्या व इतर परोपजीवी कीटक तो सहज घेऊ शकतात आणि यांचीच पिले अळ्यांवर व माव्यावर वाढतात. बियाण्यासाठी अडवून ठेवलेला कोपरा अशा प्रकारे संबंध मळ्याच्या मित्रकीटकांचे अन्नछत्र होता.

पानमळा हा महाराष्ट्रातील सोबतीच्या लागवडीचा सर्वांत पूर्ण विचार केलेला प्रकार म्हणता येईल. पानवेलीला चढण्यास आधार, डोक्यावर विरळ सावली व भोवती दमट हवा लागते. म्हणून आधी शेवरी, पांगारा, शेवगा किंवा हादगा यांची रोपे वाढवून मग त्यांच्या बुंध्याशी वेल लावतात आणि कडेने केळी राखून वारा अडवितात. शेवरी, हादगा व पांगारा ही शिंबावंत कुलातील झाडे असल्याने त्यांच्या मुळांमुळे व गळलेल्या पानांमुळे जमिनीला नायट्रोजन मिळतो. आधार व सावली यांचा हिशेब माळ्याने मांडला होता. नायट्रोजनाचा लाभ त्याला वरकड मिळाला.

झेंडूची कथा याहून वेगळ्या वाटेने जाते. दसरा व लक्ष्मीपूजन या दिवशी तोरणासाठी, शस्त्रांसाठी, वह्यांसाठी, गाड्यांसाठी झेंडू लागतो आणि त्याची जवळपास सारी मागणी या थोड्या दिवसांत एकवटते. त्यामुळे भाजीवाल्या माळ्याने टोमॅटो, मिरची किंवा वांगी यांच्या कडेने झेंडूच्या ओळी घालाव्यात, हे बाजाराच्या दृष्टीने स्वाभाविकच होते. नेदरलँड्समधील कंदफुलांच्या लागवडीत झेंडू घेतलेल्या जमिनीत सूत्रकृमी कमी होतात असे दिसून आले व ओस्टेनब्रिंक यांनी १९५७ मध्ये त्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टरथायेनील हे सूत्रकृमींना मारक असलेले द्रव्य यूलेनब्रूक व बेलू यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर भाजीत चार झाडे झेंडूची लावावीत म्हणजे सूत्रकृमी जातात, अशी समजूत जगभर पसरली. ती अर्धीच खरी आहे. सूत्रकृमी घटविण्यासाठी झेंडू दाट लावून पूर्ण हंगामभर वाढवावा लागतो व भाजी त्यानंतर घ्यावी लागते. टोमॅटोच्या ओळीत तुरळक लावलेल्या झेंडूने जमिनीत फारसा फरक पडत नाही.

तुरळक ओळींचा खरा उपयोग जमिनीवर, फुलांत होतो. जी अळी हरभऱ्यावर घाटेअळी, कपाशीवर बोंडअळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी म्हणून ओळखली जाते ती वस्तुतः एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा ही होय. शेतकऱ्याने नुकसानावरून नावे दिल्यामुळे एका किडीची तीन झाली. हिच्या मादीला अंडी घालण्यासाठी झेंडूच्या कळ्या व फुले अधिक पसंत असतात. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने या पसंतीवर पद्धत बसविली. तीनुसार टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात. टोमॅटोचे रोप २५ दिवसांचे, तर झेंडूचे ४० ते ४५ दिवसांचे घेतात, म्हणजे दोन्हींना फुले एकाच वेळी येतात. याच संस्थेने कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या ओळी लावून चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे वळविता येतो, हेही दाखविले. मोहरीची एक ओळ कोबीच्या आधी १५ दिवस व दुसरी कोबीनंतर २५ दिवसांनी पेरतात. दसऱ्यासाठी केलेली झेंडूची लागवड व ही शिफारस यांत वनस्पती तीच असली, तरी रोपाच्या वयाचा हिशेब नवा आहे.

कोरडवाहू शेतातील जोडी : मळ्याबाहेर ज्वारी-तूर व बाजरी-तूर या जोड्या मराठवाड्याच्या शेतीचा कणा होत्या. पेरताना तिफणीमागे दोरीने बांधलेल्या मोघणातून एक स्त्री तुरीचे बी सोडीत चाले, म्हणजे ज्वारीच्या काही तासांनंतर एक तास तुरीचा पडे. मूग, मटकी, हुलगा व चवळी यांचे बी ज्वारीच्या बियातच मिसळीत. खरीप ज्वारी सु. चार महिन्यांत निघते. तोपर्यंत तूर तिच्या सावलीत मंद वाढते आणि ज्वारी काढल्यावर मोकळी होऊन खोल मुळांनी खालची ओल घेत जानेवारीपर्यंत उभी राहते. पाऊस लवकर थांबला तर ज्वारी हाती येते, उशिरा आला तर तूर येते, असा हा विमा होता. दोन्हीही गेली तर मात्र उपाय नसे. १९७२ सारख्या दुष्काळात ओलच नसल्यामुळे जोडीचा लाभ मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

शास्त्रीय उपपत्ती : ब्रिटिश सरकारने १८८९ मध्ये पाठविलेले कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात हिंदी शेतकऱ्याच्या फेरपालट व मिश्रपीक या पद्धतींची प्रशंसा केली. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे आलेल्या ॲल्बर्ट हॉवर्ड यांनीही शेतकऱ्यांना व किडींना आपले गुरू मानले. कडधान्याच्या मुळांचे गूढ त्याआधीच उकलले होते आणि तेही एका अनपेक्षित निरीक्षणामुळे. जर्मनीत हेरमान हेलरीगेल यांनी नायट्रोजनरहित वाळूच्या कुंड्यांत केलेल्या प्रयोगात ओट घातलेल्या खताच्या प्रमाणातच वाढले. वाटाणा मात्र काही कुंड्यांत उपासमारीने मेला आणि शेजारच्याच कुंडीत जोमाने फोफावला. एखाद्याने हा विस्कळीतपणा प्रयोगातील दोष मानून सोडून दिला असता. हेलरीगेल व व्हिलफार्ट यांनी त्यावरून बाहेरून कुंडीत आलेले सूक्ष्मजीवच मुळांच्या गाठींत हवेतील नायट्रोजन बांधतात, असा निष्कर्ष १८८६ मध्ये जाहीर केला. द्राक्षवेलीच्या बाबतीतला योगायोग याच दशकातला आहे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने दौलताबादच्या द्राक्षांची व डाळिंबांची तारीफ केली आहे. या फळाचा मोठा शत्रू असलेला केवडा रोग फ्रान्समधील बॉर्दो भागात पसरला असता, १८८२ मध्ये प्येअर मिलार्दे यांना रस्त्याकडेचे काही वेल निरोगी दिसले. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून मालकाने त्यांवर मोरचूद व चुना शिंपून ते विषारी भासविले होते. यातून १८८५ मध्ये सिद्ध झालेले बोर्डो मिश्रण पुढे महाराष्ट्रातील द्राक्षबागांपर्यंत पोहोचले.

भारतातील मिश्रपिकांचा विस्तृत आढावा ए. के. येज्ञनारायण अय्यर यांनी १९४९ मध्ये घेतला. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू येथे स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत ज्वारी-तूर जोडीवर दीर्घ काळ प्रयोग झाले. दोन पिके एकत्र घेऊन जेवढे उत्पन्न येते तेवढेच वेगवेगळे घेण्यास किती जमीन लागेल, या प्रमाणास समतुल्य भूमी गुणोत्तर म्हणतात. उदा., जोडीतील ज्वारी स्वतंत्र पिकाच्या नऊ दशांश व तूर निम्मी आली, तर गुणोत्तर १·४ होते. म्हणजे एका हेक्टराने १·४ हेक्टरांचे काम केले. ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर रोग कमी पडतो, हेही तेथे दिसून आले. परंतु त्याच संस्थेच्या निरीक्षणांत एक उलटी बाजूही पुढे आली. ज्वारीच्या कणसांवरील हेलिकोव्हर्पाच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा हा परोपजीवी कीटक भरपूर वाढतो. ज्वारी निघाल्यावर पतंग तुरीकडे वळतात, पण ट्रायकोग्रामा त्यांच्या मागे तुरीवर जात नाही. एकाच जोडीत रोगापासून संरक्षण व किडीला आमंत्रण अशा दोन्ही गोष्टी घडतात.

घरगुती बागकामावरील पाश्चात्त्य पुस्तकांत याहून कितीतरी धीट विधाने आढळतात. अमुक भाजीचे अमुक भाजीशी सख्य व अमुकशी वैर, अशा लांबलचक याद्या त्यांत असतात. हेलन फिलब्रिक व रिचर्ड ग्रेग यांच्या १९६६ मधील पुस्तकापासून त्या विशेष प्रचलित झाल्या. त्यांतील कित्येक नोंदी वनस्पतींच्या रसापासून बनणाऱ्या स्फटिकांच्या आकृती पाहून केलेल्या होत्या, शेतातील प्रयोगांवरून नव्हेत. मराठी मुलुखातील शेजार कुंपण, तेल किंवा बाजार अशा खडखडीत कारणांनी जमलेले असल्याने त्यांच्याभोवती अशा याद्या फारशा तयार झाल्या नाहीत, हे एका परीने बरेच झाले.

ऱ्हास व सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मळ्याची उघड कारणे एकामागून एक नाहीशी झाली. विजेचे पंप आल्यावर मोट व तिचे दोर गेले. नायलॉनच्या दोरीने अंबाडीची गरज संपविली. विजेचे दिवे व रॉकेल यांनी एरंडीच्या दिव्याची जागा आधीच घेतली होती. तारेच्या कुंपणामुळे व बाजारातील तयार तेलामुळे करडईच्या ओळी कमी झाल्या. पाटांऐवजी नळ आणि पुढे ठिबक सिंचन आल्याने पाण्याची मोठी बचत झाली, ती या अवर्षणप्रवण भागात आवश्यकच होती; परंतु पाटाची ओली कड व तिच्यावरील वनस्पती त्यामुळे उरल्या नाहीत. बियाण्याच्या बाबतीत तर या प्रदेशाने संबंध देशाला दिशा दिली. त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी पुसा सावनी या भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ मध्ये महिको ही कंपनी स्थापिली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सुधारित व संकरित बियाण्यांनी भाजीचे उत्पन्न वाढले. त्याचबरोबर दर वर्षी विकत घ्यावयाच्या बियाण्यामुळे फुलू दिलेल्या कोथिंबिरीचा व गाजराचा कोपरा अनावश्यक ठरला. १९९० नंतर सोयाबीन आणि २००२ नंतर बीटी कापूस यांचा विस्तार झाला, तसा मिश्र पेरणीतील मटकी-हुलग्याचा वाटा आक्रसला. बीटी कापसाभोवती साध्या कापसाच्या पाच ओळी किंवा क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे अधिक असेल तेवढे आश्रयक्षेत्र राखण्याचा नियम होता. किडीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून घातलेली ही शेजाराची अट बहुतेक ठिकाणी पाळली गेली नाही आणि गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात मोठे नुकसान केले.

जुन्या जोड्यांपैकी काही नव्या कारणांनी परत येत आहेत. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी या प्रमाणाची शिफारस मराठवाड्यात रूढ झाली आहे. सोयाबीन आधी निघून तूर मागे राहते, म्हणजे ज्वारी-तुरीचाच हिशेब येथे पुन्हा मांडला गेला आहे. धाराशिव, लातूर इ. जिल्ह्यांत स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने स्त्रियांना कुटुंबाच्या जमिनीपैकी साधारण एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसण्यासाठी मिळवून देण्याचे काम केले. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. या एकरात नगदी पिकाऐवजी घरात खाण्याची तृणधान्ये, कडधान्ये व भाज्या एकत्र घेतल्या जातात, पाणी कमी लागणाऱ्या जातींना प्राधान्य देतात आणि शेणखत व घरचे बियाणे वापरतात. तेथील कोथिंबीर व गाजर बियाण्यासाठी पुन्हा फुलू दिली जातात.